सकाळचे दोन तास

माझ्या दिवसाला दुसऱ्या माणसाचे दोन तास लागतात. बाकीचा दिवस माझा मी निभावतो. पंपाच्या मोटारी बांधतो, भाकऱ्या सोडून सगळा स्वयंपाक करतो, गिऱ्हाइकाशी भावावरून हुज्जत घालतो, पाच वेळा स्वतःच्या हाताने कॅथेटर घालून लघवी काढतो. पण सकाळी साडेसहा ते साडेआठ कुणीतरी यावं लागतं. ते कुणीतरी आलं नाही, तर पुढचे बारा-चौदा तास कोसळतात.

२०१५ च्या मे महिन्यात घर शाकारताना मी कौलावरून खाली आलो. पाठीचा बारावा मणका गेला. कमरेखाली ना हालचाल, ना संवेदना. हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची संस्था आहे. तिथल्या वॉर्डात माझ्यासारखे आणखी काही जण भेटले. कुणी आंब्यावरून पडलेला, कुणी विहिरीत उतरताना दोर तुटलेला. तिथे मी बसायला शिकलो, पलंगावरून खुर्चीत सरकायला शिकलो, दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलून बुडावरचा भार काढायला शिकलो. नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ मी तिथेच वाचलं. वयाच्या सोळाव्या वर्षी कमरेखालचं अंग गेलेल्या या बाईंनी पुढे कोल्हापुरात शेकडो मुलांना उभं केलं. पुस्तक संपल्यावर मी आईला म्हणालो, आपण घरी जाऊ. बहीण म्हणत होती खोपोलीला चल. मला गावीच जायचं होतं.

गाव कर्जत तालुक्यातलं, पेज नदीच्या काठचं. भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून १९२२ पासून पाणी सुटतंय आणि ते पेजेत येतं, म्हणून आमची नदी वैशाखातही वाहते. पाणी आहे म्हणून काठाला भाजीचे मळे आणि फार्महाऊस आहेत, ते आहेत म्हणून पंप आहेत, आणि पंप जळतात म्हणून माझा धंदा आहे. स्टेटर मांडीवर घेऊन जुनी तांब्याची तार उपटायची, वेढे मोजून नवी भरायची, वार्निश लावून उन्हात ठेवायचं. हे काम बसूनच करायचं असतं. पडायच्या आधी मी वायरमनच्या हाताखाली होतो, त्यामुळे अर्धं येतच होतं. खोपोलीला बहिणीच्या दोन खोल्यांत हे जमलं नसतं. तिथे मला सगळ्यांनी सांभाळलं असतं आणि मी दिवसभर टीव्ही पाहिला असता.

आई होती तोवर सकाळचे दोन तास तिचे होते. ते दोन तास म्हणजे काय, हे मी सांगायलाच हवं. मदत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर रस्ता ओलांडून देणारा हात येतो. एक दिवसाआड पोट साफ करायचं, त्याला पाऊण तास जातो. आंघोळीच्या खुर्चीवर बसवायचं, पाठ आणि पाय धुवायचे, पुसून कोरडं करायचं. मग कुशीवर वळवून माकडहाड, टाचा, कंबरेची हाडं नीट पाहायची, कुठे लाल झालंय का. मी आरशात पाहतो, पण आरशाला बोट लावून चामडी गरम लागते का हे कळत नाही. एकदा लालसर डाग सुटला आणि त्याचा बेडसोअर झाला. तो भरेपर्यंत मी महिनोन्महिने पालथा पडून होतो आणि धंदा बंद होता. शेवटी पायांना ताण द्यायचा, कपडे चढवायचे, खुर्चीची चाकं तपासायची. आई हे सगळं करताना शेजारच्या घरांच्या बातम्या सांगायची, म्हणून ते कधी जड वाटलं नाही. ती गेली तेव्हा तेराव्याला बसलेल्या नातेवाइकांसमोर प्रश्न एकच होता, आता ह्याला कुठे ठेवायचं.

मी म्हणालो, मी इथेच राहणार आहे.

सरकारने मला काहीच दिलं नाही असं मी म्हणणार नाही. अलिबागला जीप करून जाऊन दिव्यांगत्वाचा दाखला मिळवला, पुढे दिव्यांगांचं निळं ओळखपत्र आलं. एका शिबिरात चाकाची खुर्ची मिळाली. ती सगळ्यांना एकाच मापाची होती, माझ्या दारापेक्षा रुंद, पण तिच्यावर मी वर्षभर काढलं. एसटीत सवलत आहे, मात्र एसटीची पायरी मला चढता येत नाही. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला सहाशे मिळायचे, पुढे हजार झाले. आणि मग माझा धंदा चालायला लागला.

या योजनेत दिव्यांगासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पन्नास हजार आहे. महिन्याचे चार हजारांच्या थोडे वर. मार्च ते मे पंप जळायच्या दिवसांत तेवढे मी एका आठवड्यात मिळवतो. खोटा दाखला काढायला कुणी अडवत नव्हतं, सल्ला देणारेही भेटले. मी अर्ज लिहून दिला आणि अनुदान बंद करून घेतलं. नंतर २०२३ मध्ये ती रक्कम दीड हजार झाली, २०२५ मध्ये दिव्यांगांना अडीच हजार झाली. ज्यांना मिळते त्यांना ती मिळालीच पाहिजे, आणखीही वाढली पाहिजे. पण तिचा पाया मला पटत नाही. मी कमावू लागलो म्हणून माझे पाय हलायला लागले नाहीत. कॅथेटर, हातमोजे, जेल, गादी, माणूस, हा खर्च मी कमावलं तरी आहे आणि नाही कमावलं तरी आहे. ती रक्कम माझी गरिबी मोजते. मला लागणारे दोन तास ती कुठेच मोजत नाही. आणि मोजले तरी अडीच हजारांचे दिवसाला त्र्याऐंशी रुपये होतात.

आता माणसाबद्दल. आई गेल्यावर पहिला मदतनीस मिळाला तो वरच्या ठाकूरवाडीतला मुलगा. अंगाने काटक, हाताने हलका. मी त्याला सगळं शिकवलं, अगदी चामडी कशी दाबून पाहायची इथपर्यंत. वर्षभराने त्याला फार्महाऊसवर नोकरी लागली. झाडांना पाणी, शनिवार-रविवार पाहुण्यांची उठबस, राहायला खोली. तो विचारायला आला तेव्हा मान खाली घालून उभा होता. मी म्हणालो, जा, तुझं लग्न व्हायचंय. त्याच्या जागी मीही गेलो असतो. कर्जतमध्ये आता सगळ्या कष्टाच्या कामांना फार्महाऊसचा भाव आहे, त्या भावाशी मला बरोबरी करता येत नाही. शिवाय ते काम सांगायला बरं असतं. दुसऱ्याचं अंग धुतो, पोट साफ करतो, हे चारचौघांत सांगताना पोरं अडखळतात. दुसरा आला तो दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेला. मध्ये काही आठवडे कुणीच नव्हतं. त्या दिवसांत बहीण पहाटेच्या गाडीने खोपोलीहून कर्जतला आणि तिथून सहा आसनी रिक्षाने गावात यायची. भावोजी कधी एका शब्दाने बोलले नाहीत.

आमच्या गावच्या आशा सेविका घरावरून जाताना हमखास डोकावतात, ताप आहे का विचारतात. त्यांच्या नोंदवहीत बाळंतिणी आहेत, बाळं आहेत, क्षयाचे रुग्ण आहेत. माझ्या कामाचा रकाना नाही. तो त्यांच्यावर फुकटात टाकावा असंही मी म्हणणार नाही, त्यांच्या डोक्यावर आधीच पुष्कळ आहे.

कायद्यात मात्र माझे दोन तास आहेत. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा मी पूर्ण वाचला. त्याच्या पाचव्या कलमात म्हटलंय की दिव्यांगाला अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती करता येणार नाही, आणि समाजात राहण्यासाठी घरी येऊन मिळणारा आधार त्याला मिळाला पाहिजे. त्यात वैयक्तिक मदतनीसही आला. चोविसाव्या कलमात, ज्याला जास्त आधार लागतो त्याच्यासाठी मदतनीस भत्ता लिहिलेला आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी वेगळा विभागही काढला. पण हा भत्ता हातात पडलेला एकही माणूस मला आमच्या तालुक्यात भेटलेला नाही. केरळमध्ये अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्याला महिन्याला सहाशे रुपये द्यायची योजना आहे. रक्कम तुटपुंजी आहे, पण तिथल्या सरकारने त्या सेवेला काम मानलं, हे मला मोठं वाटतं. स्वीडनमध्ये तर १९९४ पासून कायद्यानेच मदतनिसाचे तास मिळतात, आणि माणूस कोण ठेवायचा हे ज्याचं अंग आहे तो ठरवतो. मला त्यातलं हे शेवटचं सर्वांत मोलाचं वाटतं. माझ्या उघड्या अंगाला कुणी हात लावायचा हे मी ठरवलं पाहिजे.

आपल्याकडे हे जमणार नाही, एवढ्या वाड्यापाड्यांत कोण पोचणार, असं मला बऱ्याच जणांनी ऐकवलं. त्यांना मी २०२४ च्या लोकसभेची गोष्ट सांगतो. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना आणि पंचाऐंशी वर्षांवरच्यांना तेव्हा घरून मतदान करता येत होतं. मी बारा-डी फॉर्म भरला. आमचा मतदारसंघ मावळ, त्याचं मतदान १३ मे रोजी होतं. त्याआधीच ठरल्या वेळी अधिकारी, पोलीस आणि चित्रीकरण करणारा, अशी सगळी मंडळी माझ्या पडवीत आली. पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, मी मत दिलं, लिफाफा बंद झाला, सह्या झाल्या. एका मतासाठी एवढी माणसं उन्हातून आली याचा मला मनापासून आनंद झाला, डोळे भरून आले. पोचायचं ठरवलं की शासन माझ्या दारापर्यंत पोचतं, हे मी माझ्या पडवीत पाहिलंय.

आणि सोय असली की माणूस आपल्या घरीच राहतो, हे पाहायला लांब जायला नको. वांगणी तर आमच्यापासून काही स्टेशनांवर आहे. तिथे कित्येक अंध कुटुंबं राहतात. नवरा-बायको दोघंही अंध, मुलं डोळस, असे संसार. भाडं परवडतं आणि लोकल आहे. दिव्यांगांच्या डब्यातून रोज मुंबईकडे जायचं, फिरून वस्तू विकायच्या, संध्याकाळी परत. त्यांना कुठल्या आश्रमात राहावं लागत नाही, कारण रेल्वे रोज, वेळेवर, त्यांच्यासाठीही आहे. १७ एप्रिल २०२१ ला तिथल्याच फलाटावरून अंध आईचं लेकरू रुळांवर पडलं आणि पॉइंट्समन मयूर शेळके समोरून गाडी येत असताना धावले, मूल वर ढकललं, स्वतः निसटले. बक्षिसातले निम्मे पैसे त्यांनी त्या मायलेकरांना दिले. त्यांचं कौतुक सगळ्या देशाने केलं. मला त्या बातमीत दुसरीही गोष्ट दिसली. ती आई एरवी त्या फलाटावरून लेकराला घेऊन आपली आपण ये-जा करत होती. खुर्चीवरच्या माणसाला ती लोकलही अजून उघडलेली नाही. फलाट आणि डबा यांच्यातली उंची मला दोघांनी उचलल्याशिवाय ओलांडता येत नाही.

ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. आमच्याकडे त्यातून सगळ्यांना सारखी वस्तू मिळते. एका वर्षी मिक्सर, एका वर्षी पाण्याची टाकी. गावात एक मूकबधिर मुलगी आहे, एक अंध आजोबा आहेत, एक मतिमंद मुलगा आहे आणि मी आहे. चौघांना मिक्सर. त्या मुलाची आई त्याला घरात एकटं ठेवून मजुरीला जाऊ शकत नाही. तिला दिवसातून तीन तास कुणी बसलेलं हवंय. आजोबांना महिन्यातून दोनदा बँकेत आणि दवाखान्यात सोबत हवी. ग्रामसभेत मी उठून, म्हणजे हात वर करून, हे मांडलं. उत्तर मिळालं की असा खर्च यादीत बसत नाही. पण त्या मुलाची आई मागून बोलली, नंतर आजोबांची सून बोलली. नोंद झाली.

रोजगार हमीचा कायदा देशाच्या आधी, १९७७ साली, महाराष्ट्राने केला. तरी वाडीतली मुलं भट्टीवर जातात कारण गावात हाताला काम नाही, आणि माझ्या सकाळला हात नाहीत. हे दोन्ही एकाच गावात, एकाच वेळी. पुढच्या ग्रामसभेसाठी आम्ही चार घरांनी मिळून अर्ज लिहिलाय. चार घरांचे मिळून दिवसाचे सात तास, दोन मदतनीस, एक बाई आणि एक पुरुष, गावातलेच, महिनाभर प्रशिक्षण, मजुरी शेतमजुरीपेक्षा कमी नाही, माणूस घराने निवडायचा, आजारपणाला बदली. पाच टक्क्यांत बसत नसेल तर वरचे पैसे कुठून मागायचे, त्यासाठी कलम पाच आणि चोवीस यांची प्रत जोडलीय. सध्या माझ्याकडे येणाऱ्या मुलाने अर्ज वाचून घेतला आणि विचारलं, “दादा, हे झालं तर मला भट्टीला जायला नको ना?” मी त्याला त्याचं नाव खाली साक्षीदार म्हणून लिहायला सांगितलं.