आघाडा

शाळेंतून निवृत्त झालेल्या मास्तराच्या दोन खोडी जन्मभर सुटत नाहींत. एक, दुसऱ्याच्या चुका काढण्याची. आणि दुसरी, चार माणसें जमलेलीं दिसलीं कीं त्यांच्यापुढें उभें राहून बोलूं लागण्याची. या दुसऱ्या खोडीपायीं गेल्या फाल्गुनांत माझ्या हातून एक गोष्ट घडली. 'हातून घडली' असें म्हटलें म्हणजे कर्ता झाकला जातो, हें मला व्याकरणानें शिकविलेलें शहाणपण. खरें सांगावयाचें तर ती मीं केली.

सातारा जिल्ह्यांतील आमच्या गांवाबाहेर, कृष्णेच्या अलीकडे, एक वृद्धाश्रम आहे. ३२ खाटा आहेत आणि बहुतेक बायकाच आहेत. माझी थोरली वहिनी तेथें सहा वर्षें राहते. हें वाक्य लिहितांना माझी लेखणी अडखळते; आणि भरल्या घरांत, तीन पिढ्यांच्या गजबजाटांत हें मासिक हातीं घेणाऱ्या वाचकाला तें वाचून काय वाटेल, हेंहि मला कळतें. आई गेली तेव्हां मी नऊ वर्षांचा होतों. त्यानंतर मला न्हाऊं-जेवूं घालून, चुलीपाशीं बसवून रामरक्षा आणि रूपावली म्हणून घेणारी ती हीच वहिनी. नऊ वर्षांच्या पोरालाहि ती 'अहो भावोजी' म्हणे. तिला मूलबाळ झालें नाहीं. पुढें दादा गेले, वाडा विकावा लागला, माझे मुलगे पुण्यास गेले, आणि आम्ही नवराबायको दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आलों. वहिनीचें मांडीचें हाड मोडलें, जिना बंद झाला, आणि एके दिवशीं तीच म्हणाली, "भावोजी, मला तिकडे नेऊन पोंचवा." तिनें म्हटलें आणि मीं पोंचविलें. निपुत्रिक वृद्धांच्या पोषणाचा भार, ज्यांच्याकडे त्यांची मालमत्ता आहे किंवा वारशानें जावयाची आहे अशा नातलगांवर २००७ सालच्या कायद्यानें टाकला आहे. मी तिचे पैसे दरमहा पहिल्या तारखेस भरतों. कायद्याला माझ्याविरुद्ध एक शब्दहि बोलतां यावयाचा नाहीं.

आश्रमाच्या मागें दहा गुंठे मोकळी जागा आहे. तिची बाग करावी म्हणून पुण्याच्या एका कचेरींतील पंचवीस-तीस तरुण मंडळी आली. मोठ्या कंपन्यांनीं आपल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यांतून शेकडा दोन भाग लोकोपयोगी कामीं खर्चावा, असें २०१३ च्या कंपनी कायद्यानें ठरविल्यापासून असे जथे आमच्या बाजूस अधूनमधून येतात. प्रथम मीं नाक मुरडलें. पण मुलें मनापासून कष्टाळू निघालीं. ज्यांचा हात जन्मांत टिकावाला लागला नव्हता अशांनीं दोन रविवार भर उन्हांत दगड वेंचले, घमेलीं वाहिलीं, तळहातांना फोड आणले. दुपारीं पिठलें-भाकरीवर अशीं तुटून पडलीं कीं स्वयंपाकीण बाई पदर डोळ्यांना लावून हंसली. कामाचा नकाशा त्यांनीं आधींच तयार करून आणला होता. मध्यें हिरवळ, भोंवतीं दगडी फरशीची वाट, कोपऱ्यांत कारंजें. मास्तर म्हणून देखरेख माझ्याकडे आली. म्हणजे मीं ती घेतली.

नळाच्या मोरीपलीकडे कुंपणाशीं एक ओबडधोबड पट्टा होता. सुकलेल्या उंच काड्या, त्यांवर खालीं वळलेलें कांटेरी बीं, बुडाशीं दूर्वांचें जाळें, थोडा माका. एका मुलीनें खुरपें थांबवून मला विचारलें, "सर, हें काढावयाचें कीं ठेवावयाचें?" मीं नीट पाहिलेंहि नाहीं. "सगळें तण आहे, मुळासकट काढा," असें वर्गांत सांगावें तसें मोठ्यानें सांगितलें. अर्ध्या तासांत पट्टा स्वच्छ झाला. पुन्हां कांहीं उगवूं नये म्हणून त्यावर काळें कापड अंथरलें आणि वर तयार हिरवळीच्या वळकट्या उलगडल्या. संध्याकाळीं छायाचित्रें निघालीं. त्यांत मी मध्यभागीं आहें.

येथें स्वतःविषयीं एक सांगितलें पाहिजे. अपामार्ग म्हणजे आघाडा, आणि अथर्ववेदाच्या चौथ्या कांडांत त्याला उद्देशून सूक्तें आहेत, हें मीं पुष्कळ वर्षें वर्गांत सांगितलें. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत झाडांना पाणी घालणाऱ्या शकुंतलेचें वर्णन करतांना माझा कंठ दाटून येई. पण अपामार्ग समोर उभा होता, त्याचें बीं माझ्या पायजम्याला शंभर ठिकाणीं चिकटलें होतें, आणि मीं त्याला ओळखलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मी मोठ्या उमेदीनें वहिनीला भेटावयास गेलों. बाग पाहिलीत का, म्हणून विचारलें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "भावोजी, तुम्हीं आमचा आघाडा काढलात."

हळूहळू सगळें कळलें. तो पट्टा आपोआप माजलेला नव्हता. तो राखलेला होता. भांडीं विसळल्याचें पाणी तिकडे वळविण्यासाठीं त्या बायकांनीं विटांचे तुकडे रचून पाट केला होता. ज्यांना चालतां येई त्या उरलेलें पाणी तांब्यांत धरून नेत. श्रावणांत मंगळागौरीसाठीं आणि भाद्रपदांत गणपतीसाठीं गांवांतल्या सुना, पोरेंबाळें तेथें पत्री मागावयास येत. कारण गांवांत आतां मोकळें अंगण उरलें नाहीं आणि आघाडा कोणी कुंडींत लावीत नाहीं. गणपतीच्या एकवीस पत्रींत तो लागतो, मंगळागौरीलाहि लागतो. वहिनी खुर्चीवर बसून कोणतें पान कशाचें, तें पोरींना सांगे.

"वर्षभर लोक येथें आम्हांला कांहींतरी द्यावयाला येतात," ती म्हणाली. "केळीं आणतात, साड्या आणतात, वाढदिवसाचें जेवण घालतात. मागावयाला म्हणून कोणी येत असेल तर तें एवढ्याच साठीं."

मला उत्तर सुचलें नाहीं. सहा वर्षें मी महिन्यांतून एकदां तिला भेटत आलों, दर खेपेस कांहींतरी हातांत घेऊन. आणि माझ्या घरच्या गणपतीसाठीं पत्रीची जुडी मात्र बाजारांतून विकत घेत आलों.

त्या तरुण मंडळींना मीं पत्र लिहिलें. सगळा दोष आपल्याकडे घेतला, आणि तो होताहि माझाच. उत्तर येणार नाहीं असें मला वाटलें होतें. पण वैशाखांत एका शनिवारीं त्यांतलीं नऊ जणें आलीं आणि पहिल्या खेपेस जें करावयाचें राहिलें होतें तें त्यांनीं केलें. म्हणजे आश्रमांतल्या माणसांना विचारलें. हिरवळ तोंवर पिंवळी पडलीच होती. विहिरीचें पाणी पिण्यापुरतें राहिलें होतें, आणि तिच्यावर चालूं नये अशी पाटी असल्यामुळें तीवर कोणाचा लोभहि जडला नव्हता. मागण्या निघाल्या त्या अशा कीं आमच्या नकाशांत त्यांपैकीं एकहि नव्हती. कारंजें नको, त्याच्या आवाजानें रात्रीं उठावें लागतें. बांकाला हात हवेत, नाहीं तर बसलेल्याला उठतां येत नाहीं. फरशी पावसाळ्यांत निसरडी होते, त्यापेक्षां दाबून बसविलेला मुरूम बरा. दृष्टि गेलेल्या एका बाईंनीं एवढेंच सांगितलें कीं वळणावर मरवा लावा, म्हणजे वळण आलें हें वासानें कळेल.

चाकांच्या खुर्चीसाठीं मागील दाराशीं केलेला उतार त्यांनीं फोडून पुन्हां बांधला. उंबऱ्याची उंची आठ इंच. एका इंचास बारा इंच हें प्रमाण धरलें तर उतार आठ फूट लांब व्हावयास हवा, आणि आमचा होता तीन फूट. त्रैराशिकाचें हें उदाहरण मीं सातवीला कितीदां तरी घातलें असेल. कुंपणाशीं मग विटांचे अडीच फूट उंचीचे ओटे बांधले. रुंदी दोनच फूट ठेवली, कारण एका बाजूनें बसलेल्या माणसाचा हात त्याहून पुढें पोंचत नाहीं. ओट्यांत पोयटा आणि कुजलेलें शेणखत भरलें. दूर्वा, तुळस, माका, गवती चहा, खालीं छाटून ठेवलेला मोगरा, एवढें कोठूनहि मिळालें. आघाडा मात्र ऐन उन्हाळ्यांत कोठून आणावा, हा प्रश्न होता. नदीकांठीं पाहिला तर गुरांनीं तुडविलेला.

त्याचें उत्तर माझ्या घरांतच होतें. फाल्गुनांत मी परत आलों तेव्हां पायजम्याला चिकटलेलें बीं माझ्या पत्नीनें कुरकुरत एकेक करून वेंचलें होतें आणि जिन्याखालच्या फुटक्या कुंडींत झाडून टाकलें होतें. मृगाचा पाऊस पडला आणि त्या कुंडींत रोपांची दाटी झाली. मोजून अकरा रोपें चहाच्या रिकाम्या डब्यांत घालून मी आषाढाच्या आरंभीं आश्रमांत नेलीं. वहिनीनें तीं स्वतः लावलीं. तिचा हात थरथरतो. एक रोप मोडलें. मी पुढें झालों तर म्हणाली, "तुम्ही नुसते उभे राहा." मी उभा राहिलों.

श्रावणांत पोरी आल्या. गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशीं मी गेलों तेव्हां ओट्याशीं गर्दी होती. दोन लहान भावंडें पिशवी धरून उभीं होतीं आणि वहिनी थोरल्याकडून पानें मोजून घेत होती. तो पंधरानंतर एकदम सतरावर गेला, तेव्हां तिनें त्याला पहिल्यापासून मोजावयास लावलें. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. मुलें गेल्यावर तिनें मान वर करून माझ्याकडे पाहिलें.

"तुमच्याकडे गणपति असतो ना, भावोजी? मग पत्री नको का?"

"हवी आहे, वहिनी," मीं म्हटलें.

पिशवी नेलेली नव्हती. मीं रुमाल पसरला.