आम्ही खोलीबाहेर बसलो तेव्हा

२०१८च्या हिवाळ्यातली गोष्ट. काश्मीरमध्ये सुरुंगाच्या स्फोटात माझ्या मावसभावाचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दिल्लीच्या सैनिकी रुग्णालयातून सुटी मिळाल्यावर कृत्रिम पाय बसेपर्यंत तो व मावशी आर. के. पुरमला आमच्या क्वार्टरमध्ये राहायला आले.

आम्ही त्याला फुलासारखे जपत होतो. मावशी आवडीचे पदार्थ करी, हे क्रिकेटच्या गप्पा काढत आणि मी उठता-बसता म्हणे, "सगळं ठीक होईल बरं का!" तो मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राही. एका रात्री पाणी द्यायला गेले, तर नसलेल्या पायाच्या जागी तो चादर चोळत होता. मला पाहताच त्याने हात मागे घेतला.

"काय होतंय रे?"

"काही नाही, ताई. झोप तू."

शेजारच्या ब्लॉकमध्ये एक निवृत्त हरयाणवी सुभेदार मुलाकडे राहत. त्यांचाही एक पाय कृत्रिम आहे, हे मला भाजीवाल्याकडून कळले. निरोप मिळताच ते दोन जिने चढून आले. खुर्चीवर बसून त्यांनी आपला पाय काढला, भिंतीला टेकवला आणि आम्हाला म्हणाले, "आता तुम्ही बाहेर बसा."

दार बंद झाले. मावशीचे डोळे भरून आले. "जन्म मी दिला अन् मीच बाहेर?"

तासाभराने आतून हसण्याचा आवाज आला. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच!

सुभेदारांनी पहिलाच प्रश्न विचारला होता, "बोटं खाजतात का?" पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा पुसली जात नाही, म्हणून नसलेला पाय खाजतो, दुखतो. "डॉक्टरांनीही हे सांगितलं होतं, ताई," भाऊ म्हणाला, "पण यांनी ते भोगलंय. मला वाटायचं, मी वेडा होतोय." लग्न ठरलेल्या मुलीला काय सांगायचे, हेही त्याने त्यांनाच विचारले. आमच्यापुढे तो विषय त्याने कधीच काढला नव्हता.

पुढे मी याविषयी माहिती मिळवली. कारगिलमध्ये १९९९ साली पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंग यांनी २०११मध्ये अशा लोकांचा गट सुरू केला. नवख्याला धीर द्यायचा तो आधी पाय गमावलेल्याने, ही त्यामागची कल्पना. पुण्याजवळ खडकीला १९७४पासून कण्याला इजा झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. तेथे जुने नव्यांसोबत चाकाच्या खुर्चीवर बास्केटबॉल खेळतात. या केंद्राला मदत देणाऱ्या केंद्रीय सैनिक बोर्डाचे कार्यालय आमच्याच आर. के. पुरममध्ये आहे! दर ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा छोटा झेंडा छातीला लावताना हे मला ठाऊक नव्हते.

घरच्यांच्या मायेची गरज नसते, असे नाही. जेवण, औषध, रात्रीचे जागरण आपणच करायचे. पण काही गोष्टी ज्याने सोसल्या त्याच्याशीच बोलता येतात. तेव्हा मानापमान न धरता आपण उठून बाहेर बसावे.

भाऊ आता गावी असतो. त्याचे लग्नही झाले, त्याच मुलीशी. मध्यंतरी आम्ही गेलो, तेव्हा तो घरी नव्हता. बंदोबस्तावर असताना ट्रकने उडवलेल्या एका पोलीस शिपायाला भेटायला गेला होता.

मावशी चहा गाळत म्हणाली, "त्या पोराच्या आईला बाहेर बसवलं असेल बघ यानं!" आणि ती हसली.