नाव बदलून राहणाऱ्यास

आघातोत्तर तणाव विकारास,

नमस्कार वगैरे राहू दे. थेट तुझ्याशीच बोलतो, कारण तुझ्याबद्दल इतरांशी बोलायला गेलं की लोक विषय बदलतात.

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन करून किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती, वरच्या जड माळवदासकट, झोपलेल्यांवर आल्या. हजारो माणसं गेली. सामुदायिक चिता पेटल्या, पंचनामे झाले, नवी गावठाणं आखली गेली. त्या धावपळीत तू कुणाला दिसला नाहीस. तुला घाई नसतेच. पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं, सुन्न होणं कुणालाही होतं; बहुतेक जण त्यातून आपसूक सावरतात. महिना उलटला तरी जे सुटत नाही, तो तू. कधी कधी तर सहा महिने गेल्यावर उगवतोस, सगळे निर्धास्त झाल्यावर.

तुझ्या खुणा तशा लपणाऱ्या नाहीत. जड ट्रक गेला, खिडकीची तावदानं वाजली की माणूस अंगणात धावतो. त्याच्यासाठी ती पहाट पुन्हा सुरू झालेली असते, धुळीच्या वासासकट. जुन्या गावाची वाट तो टाळतो. स्लॅबखाली झोपायला नको म्हणतो. लेकरांवर खेकसतो, हसत्या घरात परक्यासारखा बसतो, आणि ‘मीच का वाचलो’ हे आत घोळत राहतं. लहान मुलं सांगत नाहीत. ती घर पडण्याचाच खेळ पुन्हा पुन्हा मांडतात. गणपती जवळ आले की काहींचं सगळं वर येतं.

गंमत अशी (गंमत कसली!), की यातली एकेक खूण सुटी पाहिली की तिला दुसरंच नाव मिळतं. डोकं दुखतं, घे गोळी. चिडतो, स्वभावच तसा. पितो, दारुडा. आजीच्या मते धसका घेतलाय, मग अंगारा. झोपेच्या गोळीवर तर तू खूशच असशील: ती रात्र काढून देते, तुला हात लावत नाही.

खरा उपचार वेगळा असतो. ज्या आठवणीपासून माणूस पळतो तिच्याकडे जाणकार उपचारकासोबत, स्वतःच्या गतीने परत जायचं. जोडीला लागलीच तर सर्ट्रालीनसारखी औषधं. ढिगाऱ्याशेजारी माइक पुढे करून ‘तेव्हा काय वाटलं?’ विचारणं मात्र यात येत नाही. सक्तीने बोलतं केल्याने फायदा होत नाही, कधी कधी त्रासच वाढतो. वाहिन्यांनी हे एकदा ऐकावं.

टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी मदत क्रमांक 2022 पासून चालू आहे. पण तिथवर पोचण्याआधी माणूस गावातल्या दवाखान्यात येतो, तेही डोकेदुखी घेऊन. बी.पी. बघता बघता त्याला दोनच गोष्टी विचारायच्या असतात: हे कधीपासून? आणि त्याच्या आधी काय घडलं होतं? पहिला प्रश्न सगळे विचारतात. दुसरा विचारायला बाहेरची रांग वेळ देत नाही, आणि त्या रांगेच्या भरवशावर तू अजून आमच्यात राहतोस.