मरुभूमीची दैनंदिनी (भाग ३) : गर्दी समला, आम्ही सुदासरीला

शनिवार, जोधपूर

सूर्यनगरी एक्स्प्रेसने सकाळी उतरलो. मनात आणलं असतं तर संध्याकाळपर्यंत जैसलमेर गाठता आलं असतं, पण मुक्काम मुद्दाम इथेच ठेवला. शुक्रवारी रात्री जैसलमेर भरतं आणि रविवारी दुपारपासून ओसरू लागतं. ते ओसरत असताना आपण पोचायचं, असा बेत आहे.

बेत आत्याचा. सोलापुरात शाळेत विज्ञान शिकवण्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. तिने कालनिर्णय पुढ्यात घेऊन एकेक आठवडा खोडला. दिवाळीची सुटी नको. नाताळ ते एक जानेवारी तर मुळीच नको. माघी पौर्णिमेच्या सुमाराचा मरुमहोत्सव नको, सव्वीस जानेवारीला जोडून येणाऱ्या सुट्याही नकोत. मार्च संपता संपता ऊन सोसवत नाही आणि पावसाळा हा, ज्याला पाहायला आम्ही निघालो त्या माळढोक पक्ष्याच्या विणीचा हंगाम, तेव्हा त्या बाजूला फिरकायचंच नाही. उरला जानेवारीचा मधला आठवडा, त्यातही सोमवार ते गुरुवार.

रविवार, जैसलमेर

पोखरण मागे पडल्यावर समोरून येणाऱ्या गाड्यांची रीघ लागली. आमच्या बाजूचा रस्ता मोकळा होता. संध्याकाळी गडीसर तलावाच्या पायऱ्यांवर निवांत बसायला मिळालं.

डेझर्ट नॅशनल पार्क ३,१६२ चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे मुंबईच्या पाचपट. जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत तो पसरला आहे. त्यात वाळूच्या टेकड्यांचा वाटा जेमतेम एक पंचमांश. बाकी सगळं गवत, खडक आणि कडक माती. पण पर्यटकाच्या डोक्यात वाळवंट म्हणजे वाळू, त्यामुळे सगळी झुंबड सम गावाजवळच्या टेकड्यांवर उडते. उंट, जीप, तंबू आणि रात्री उशिरापर्यंत स्पीकर. तिथून गाडीने थोडं पुढे गेलं, तर दिवसभर माणूस भेटत नाही. एवढ्या मोठ्या रानात गर्दी टाळायला फारसं डोकं लढवावं लागत नाही. आपण नेमकं काय बघायला आलो आहोत, ते पक्कं असलं की झालं.

हॉटेलाबाहेर एक जण मागेच लागला. जीपने थेट माळढोकापर्यंत नेतो, फोटोची हमी, म्हणाला. आत्या त्याच्याशी एक अक्षरही बोलली नाही.

सोमवार, जैसलमेर – खाभा

सकाळी वन विभागाच्या कार्यालयातून पार्कचा परवाना काढला. सरकारी कार्यालय असल्यामुळे हे काम कामाच्या दिवशीच उरकलेलं बरं. दुपारी कुलधराला थांबलो नाही, सरळ खाभ्याला गेलो. गडाखाली पालीवाल ब्राह्मणांची ओस पडलेली घरं आहेत आणि जवळच खडीन. उतारावरून येणारं पावसाचं पाणी बांध घालून अडवायचं आणि ते मुरल्यावर त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरायचा, ही पालीवालांची रीत. जानेवारीत तिथे पीक उभं होतं.

मंगळवार, सुदासरी

पहाटे पावणेसहाला निघालो. जैसलमेर देशाच्या पश्चिम टोकाला, त्यामुळे या दिवसांत सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो. पहाटेची वेळ गाठायला इथे फार लवकर उठावं लागत नाही, तरी बहुतेक गाड्या नाश्ता आटोपूनच बाहेर पडतात.

पार्कातल्या सुदासरीला तारेचं कुंपण घालून गवताळ रान राखलं आहे. गाडी बाहेर ठेवली आणि वनरक्षकांच्या मागोमाग चालू लागलो. सेवण गवत गुडघ्याच्या वर आलं होतं. पिवळं, कडक, चालताना पायजम्याला घासणारं. मधेच कैरची काटेरी झुडपं. एका खेजडीवर गिधाडं अंग शेकत बसलेली. चिंकाऱ्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा चरायला लागले. वाऱ्याखेरीज कसलाही आवाज नव्हता.

वनरक्षकांनी हात आडवा केला. "माताजी, बैठ जाइये सा." आम्ही खाली बसलो. गवताच्या वर आधी काळी टोपी दिसली, मग पांढरी सरळ मान. पक्षी दोन पावलं चालला, थांबला, पुन्हा चालला. नर होता, छातीवरचा काळा पट्टा दुर्बिणीतून स्वच्छ दिसत होता. पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा, उडणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी हा एक. आत्याने दुर्बीण माझ्या हातात दिली आणि पदराने डोळे पुसले.

सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर तिने तरुणपणी माळढोक पाहिले होते. १९७९ साली तिकडे तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं, कागदावर या पार्कपेक्षा कितीतरी मोठं. आज तिथल्या माळावर माळढोक दिसणं जवळपास संपलं आहे. देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरले असतील, त्यातले बहुतेक इथे, जैसलमेर जिल्ह्यात.

विणीच्या हंगामात मादी जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. माणसाच्या चाहुलीने ती उठली की अंडं कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी. शिवाय या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही आणि जड अंगामुळे ऐनवेळी वळता येत नाही, म्हणून विजेच्या तारांवर आदळून तो मरतो. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश दिला; २०२४ मध्ये तो बदलून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला. परतीच्या वाटेवर क्षितिजभर पवनचक्क्या आणि तारा दिसत होत्या. समाधानाची गोष्ट एकच. समला २०१९ पासून माळढोक प्रजनन केंद्र चालू आहे आणि कृत्रिम रेतनातून जन्मलेलं पहिलं पिल्लू २०२४ च्या ऑक्टोबरात वाढीला लागलं.

त्या सकाळी पक्षी गवतात शिरल्यावर आम्हीही उठलो होतो. आणखी थोडं पुढे जाऊन बघू या, असं मला वाटलं होतं. आत्या आधीच मागे वळली होती.

बुधवार, आकल

परतताना बाडमेर रस्त्यावरचं आकल जीवाश्म उद्यान पाहिलं. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे, दगड झालेले झाडांचे बुंधे उघड्या माळावर पडून आहेत. आमच्याखेरीज कुणी नव्हतं.

या भागानंतर पुष्कळ वाचक तारखा विचारतील, म्हणून आत्ताच सांगते. जानेवारीतला मधला आठवडा धरा, रविवारी पोचा, सोमवारी परवाना काढा, मंगळवारी उजाडायच्या आत सुदासरीला असा. पक्षी दिसला तर आहात तिथूनच पाहा. गाडी जवळ न्यायला सांगू नका, ड्रोन नेऊ नका आणि त्याची नेमकी जागा फोटोखाली लिहू नका. एप्रिल ते सप्टेंबर मात्र तिकडे जाऊच नका. ते महिने पक्ष्यांसाठी सोडा.