हेडचा कल

जुना कॅसेट डेक घ्यायला निघालेला माणूस आधी दर्शनी पट्टी वाचतो. डॉल्बी बी, डॉल्बी सी, मेटल, ऑटो रिव्हर्स, तीन हेडं, एमपीएक्स फिल्टर. जितकी बटणं जास्त तितका डेक भारी, असा साधा हिशेब. लोकांच्या घरच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देणं हे माझं काम, आणि या कामात माझा हिशेब हळूहळू उलटा होत गेला. पट्टीवरचं जवळजवळ प्रत्येक बटण हा कॅसेटच्या कुठल्या ना कुठल्या उणिवेवरचा उतारा आहे. सगळ्यात नाजूक दुखण्यावरचा उतारा मात्र पट्टीवर नसतोच. तो आत, हेडच्या बाजूला, एका बारक्या स्क्रूत असतो.

फिलिप्सनं १९६३ साली कॅसेट आणली ती मैफली टिपायला नव्हे, बोलणं टिपायला. फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. स्टुडिओतली स्पूलची टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावायची, म्हणजे आठपट. परिणामी १० किलोहर्ट्झच्या एका अख्ख्या लहरीला कॅसेटवर पाच मायक्रॉनसुद्धा जागा मिळत नाही. इतक्या दाटीवाटीत गाणं बसवायचं तर युक्त्या कराव्याच लागणार. भरताना आवाजाच्या जोडीला साधारण १०० किलोहर्ट्झचा, कानाला न कळणारा बायस सोडायचा. तो फेरिक, क्रोम, मेटल अशा प्रत्येक फितीला वेगळा लागतो, म्हणून ती बटणं. एफएम स्टीरिओवरून भरताना त्यातला १९ किलोहर्ट्झचा पायलट सूर डॉल्बीला फसवतो, म्हणून एमपीएक्स. भरलेलं तिथल्या तिथे ऐकून पाहता यावं, म्हणून तिसरं हेड.

पण हे सगळे उतारे कॅसेट भरणाऱ्याच्या कामाचे. माझ्या टेबलावर येते ती कॅसेट तीस-चाळीस वर्षांपूर्वीच कुणीतरी भरून ठेवलेली असते. कुठल्या डेकवर, ते बहुतेकदा घरात कुणालाच आठवत नाही.

इथे स्क्रू कामाला येतो. हेडमधली फट फितीच्या धावेला बरोबर काटकोनात हवी. याला ॲझिमुथ म्हणतात. भरणाऱ्या डेकचं हेड केसभर कललेलं असलं, तर सगळा आवाज त्याच कलानं फितीवर उमटतो. मग काटकोनात बसवलेलं माझं हेड ती फीत वाचताना वरचे सूर गमावतं. आधी तानपुऱ्याची जवारी जाते, मग तबल्याच्या चाटेवरच्या बोलाची धार, मग गाणाऱ्याचे ‘स’ आणि ‘श’. म्हणून मी दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोमध्ये ऐकतो आणि स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवतो. दोन ट्रॅक एकमेकांना खोडत असतात तोवर आवाज मंद असतो. जुळले की जवारी उघडते. म्हणजे नेमकं वाचायचं तर माझ्या चोख डेकला समोरच्या डेकइतकंच वाकडं व्हावं लागतं. नाकामिची कंपनीच्या १९८२च्या ‘ड्रॅगन’ डेकमध्ये हेच काम यंत्र स्वतः करतं. त्याचं हेड एकाच ट्रॅकचे वरचा आणि खालचा असे दोन भाग वेगवेगळे वाचतं, त्यांतला फरक मापतं आणि मोटरनं स्वतःचा कल बदलतं. बाकीच्यांना कान आणि स्क्रूड्रायव्हर.

“काका, डॉल्बी लावलं की आवाज बसतो. बंदच ठेवा,” असं गिऱ्हाईक हमखास सांगतं. ऐकू येतं ते खरंच असतं, दोष मात्र डॉल्बीचा नसतो. लंडनमध्ये १९६५ साली प्रयोगशाळा काढण्याआधी दोन वर्षं युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात काम केलेल्या रे डॉल्बी यांची युक्ती सरळ आहे: भरताना वरचे हळू सूर चढवायचे, वाजवताना तेवढेच उतरवायचे, सूर जागेवर येतात आणि फितीची सूं खाली जाते. पण कल चुकला असला की वरचे सूर आधीच पडलेले असतात. डॉल्बीला वाटतं आवाज मुळातच हळू आहे, आणि ते त्यांना आणखी उतरवतं. म्हणून आधी स्क्रू, मग बटण. हा क्रम उलटवून चालत नाही.

तीन आकडी काउंटरचंही तसंच. तो वेळ मोजत नाही, चक्रीचे फेरे मोजतो, आणि फेऱ्यांचं गणित प्रत्येक डेकचं निराळं. कव्हरवर कुणी निगुतीनं लिहून ठेवलेलं असतं, ‘२३७, भैरवी’. माझ्या डेकवर २३७ला ठुमरी अर्धी व्हायची असते.

म्हणून कुणी कॅसेटींची पिशवी घेऊन आलं की मी पहिल्यांदा विचारतो, ज्या डेकवर भरल्या तो आहे का? पट्टा तुटलेला, मोटर बसलेली, भंगारात निघालेला असला तरी चालेल. त्याच्या हेडचा स्क्रू कुणी हलवला नसेल, तर कॅसेट भरतानाचा कल अजून त्यात तसाच आहे, आणि नवा पट्टा घालणं हे अंदाजानं स्क्रू फिरवत बसण्यापेक्षा केव्हाही सोपं. कॅसेटी जपून ठेवणारी माणसं माळा आवरताना डेक मात्र आधी काढून टाकतात. रेकॉर्डिंगचा अर्धा भाग त्यात असतो.