लिंबाची साल

परवा रिंगरोडवरच्या एका हॉटेलात जेवण उरकलं आणि वेटरनं कोमट पाण्याची वाटी पुढ्यात आणून ठेवली. वर लिंबाची चकती. बोटं बुडवली, वास आला, आणि सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या खोलीची मोरी समोर उभी राहिली.

आप्पा डाइंग मिलमध्ये. पाळी संपवून आले की मोरीत उकिडवे बसून पिळलेल्या लिंबाची साल नखांवर घासत. लाल, पिवळा थोडाफार निघे. निळा मात्र नखांच्या कडेला ठाण मांडून बसलेला.

विलेम काल्फ या डच चित्रकाराचं 1662 सालचं एक चित्र आहे. इराणी गालिचा, चिनी मातीचं भांडं, नॉटिलस शंखाचा पेला, आणि अर्धं सोललेलं लिंबू. जाणकार सांगतात, लिंबू दिसायला देखणं, आत आंबट; श्रीमंतीचंही तसंच. असेल. पण गालिचा कुणी विणला, पेटारे कुणी वाहिले, त्यांचा मागमूस चित्रात नाही. लिंबाला तेवढा कुणाचा तरी हात लागलेला दिसतो.

तेव्हा डचांची वखार आमच्या सुरतेत होती. इथून नीळ जाई, सुती कापड जाई. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा डच आणि इंग्रज आपापल्या वखारी राखून बसले. मराठी शाळेत तो धडा आला की आम्ही खानदेशी पोरं छाती फुगवायचो. घर चालायचं सुरतेच्याच पगारावर.

कतारगाम दरवाज्याकडे बॅरन व्हान ऱ्हेडेची घुमटवाली कबर आहे. डच कंपनीतला भ्रष्टाचार खणायला आलेला हा अधिकारी 1691 मध्ये सुरतेच्या वाटेवर जहाजातच वारला. कंपनीनं थडग्यावर मात्र पैसा ओतला. इंग्रजांच्या थडग्यांपुढे कमी पडून कसं चालेल!

थाट मायचाही होता. शोकेसमध्ये सोनेरी काठाचे सहा कप. जवळ गेलं की, ‘हात नको लाऊ, फुटी जाई!’ पाहुण्यांनासुद्धा चहा स्टीलच्या ग्लासात. आप्पांना त्या कपातून एकदाही मिळाला नाही, हा माझा मायवरचा राग अजून गेलेला नाही. त्यांनी कधी मागितलाही नाही म्हणा.

तो सेट आता माझ्याकडे आहे. मध्यंतरी हट्टानं त्यात चहा ओतून घेतला. कप एवढासा, की आप्पांचं बोट त्याच्या कानात शिरलंच नसतं. दोन घोटांत संपला.

‘ग्लासात देऊ का अजून?’ बायकोनं विचारलं.