गोळी घेतली का?

मागच्या शनिवारी सकाळी बाबांनी आईला तिसऱ्यांदा विचारलं, "अगं, मी बीपीची गोळी घेतली का?" मी लॅपटॉपमधून डोकं वर न काढताच खेकसलो, "बाबा, आत्ताची गोष्ट आठवत नाही? नीट आठवा की जरा!" ते काहीच बोलले नाहीत. स्ट्रिपमधल्या गोळ्या मोजत बसले.

बाबा रिटायर्ड बँकवाले, वय 68. आजही नोटांचं बंडल हातात दिलं की माझं मोजताना दोनदा चुकेपर्यंत यांचं मोजून, वर रबर लावून तयार! मग गोळीच कशी विसरतात?

रात्री थोडं वाचलं. लॅरी जॅकोबी या मानसशास्त्रज्ञाने 1991 साली जाणीवपूर्वक आठवणं आणि आपोआप आठवणं वेगळं काढायची एक युक्ती मांडली. आधी काही शब्द दाखवायचे. मग शब्दाची सुरुवातीची अक्षरं देऊन सांगायचं, शब्द पूर्ण करा, पण मघाशी पाहिलेला नको. तरी तोच शब्द तोंडात आला, तर समजायचं की आपोआप चालणारी स्मृती जिंकली. अशा प्रयोगांतून दिसलं ते असं, की वयानुसार जाणीवपूर्वक आठवणं कमी होतं, आपोआपचं मात्र बरंचसं टिकून राहतं.

म्हणजे बाबांच्या बोटांना नोटा पाठ आहेत. आणि गोळी रोजच घेतल्यामुळे 'घेतली असेल' असं रोजच वाटतं. पण आज घेतली की काल, हे सांगायला त्या विशिष्ट क्षणाची आठवण लागते. आमच्या भाषेत, काउंटर वाढतोय, पण लॉगमध्ये टाइमस्टँप पडत नाहीये.

मग लक्षात आलं, बाबांचा प्रश्न वेडगळ नव्हताच. नुसत्या 'वाटण्या'वर विश्वास न ठेवता ते खात्री करून घेत होते. मागच्या महिन्यात न विचारता त्यांनी दोनदा गोळी घेतली होती, आणि दिवसभर चक्कर येत होती. खेकसून मी त्यांचं विचारणंच बंद पाडलं असतं तर?

रविवारी सात खणांची डबी आणली. शनिवारचं बोलणं चुकलं, हेही सांगितलं. ते म्हणाले, "असू दे रे."

आज सकाळी त्यांनी डबी उघडून बघितली. मी ऑफिसला निघालो, आणि कुलूप लावलं का ते बघायला दोन जिने परत वर चढलो.

लावलं होतं!